चोपड्याचा कापूस आणि यंत्राचें स्वयंशासन

यंत्रांचा इतिहास सांगतांना बहुतेक ग्रंथकार बळाचाच इतिहास सांगतात. मनुष्याच्या दंडाचें काम प्रथम बैलानें, मग पाण्यानें व वाऱ्यानें, पुढें वाफेनें आणि शेवटीं विजेनें कसें उचललें, ही कथा शाळेंतील क्रमिक पुस्तकांपासून सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ही कथा अर्धीच होय. काम करणारा मनुष्य केवळ जोर लावीत नाहीं. जोर लावतां लावतां तो पाहत असतो, आणि पाहून हात आवरतो किंवा सैल सोडतो. जात्यावर बसलेली गृहिणी पीठ चिमटींत घेऊन पाहते आणि भरड वाटल्यास वैरण कमी घालते. तिचा दंड जातें फिरवितो. पण पीठ चांगलें निघतें तें त्या चिमटीमुळें. दंडाचें काम यंत्राकडे गेलें त्यास आतां दोनशें वर्षें होऊन गेलीं. चिमटीचें काम यंत्राकडे केव्हां व कसें गेलें, आणि तें गेल्यावर मनुष्याकडे काय उरलें, हा या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग असून त्याकडे आमच्याकडील सुशिक्षितांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. आज कारखान्यांत जिला 'सर्व्हो मोटर' म्हणतात ती, आणि तिला हुकूम पोंचविणारें 'ड्राइव्ह' नांवाचें विद्युत्-साधन, ही जोडी या दुसऱ्या भागाचें ताजें प्रकरण होय.

हें प्रकरण समजून घेण्यासाठीं आम्ही जळगांव जिल्ह्यांतील, म्हणजे जुन्या पूर्व खानदेशांतील, चोपडा हें गांव डोळ्यांपुढें ठेवणार आहों. या गांवीं कोणत्याहि यंत्राचा शोध लागला असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या एका पदार्थावर यंत्रानें आपली सारी विद्या पायरीपायरीनें आजमावून पाहिली, तो कापूस येथें शतकानुशतकें पिकत आला आहे, आणि त्या प्रत्येक पायरीचा धक्का या गांवास बसला आहे.

सातपुड्याच्या पायथ्यास, तापीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत चोपडा वसला आहे. सतराव्या शतकांत सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर यांवरून येथें येत असे. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये यानें दिलेल्या या मार्गावरील मुक्कामांत चोपड्याचें नांव आढळतें. कापूस आणि जवस यांची ही जुनी पेठ. त्या काळीं बोंडापासून सुतापर्यंतचें सर्व काम घरोघरीं हातानें चाले. रेच्याच्या दोन लाटांमधून सरकी मागें राही व रुई पुढें निघे. पिंजारी ती पिंजून देई. तिचे पेळू वळले जात आणि चरख्यावर सूत निघे. या सर्वांत मनन करण्याजोगी गोष्ट म्हणजे सूत कांतणारणीची चिमटी. पेळूचा एखादा भाग जाड आला तर तिचा हात आपोआप अधिक मागें ओढला जाई, पातळ आला तर थबके. सूत एकसारखें निघावें ही आज्ञा तिच्या मनांत असे, तें कसें निघत आहे ही वार्ता तिच्या बोटांस कळे, आणि दोहोंत जें अंतर पडे तें तिचा हात भरून काढी. आज्ञा, वार्ता आणि अंतर भरून काढणारी कृति, या तीन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्यात. पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभें आहे.

एकोणिसाव्या शतकांत या घरगुती व्यवसायावर बळाची लाट आली. अमेरिकेंत एलि व्हिटने यानें १७९३ सालीं करवतीच्या दात्यांचा जिन काढला होता. परंतु आमच्या आंखूड धाग्याच्या कापसास तो तितकासा मानवला नाहीं. १८४० सालीं निघालेला मॅकार्थीचा लाटांचा जिन आमच्या रेच्याशीं नातें सांगणारा होता, आणि आजहि हिंदुस्थानांतील बहुतेक जिनांत लाटांचाच प्रकार चालतो. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास, १८६५ सालीं, आगगाडीनें थळघाट ओलांडला व १८६७ पर्यंत ती खानदेश आणि वऱ्हाड पार करून नागपुरास पोंचली. जळगांव हें कापसाचें मोठें ठाणें झालें, आणि १८७० नंतरच्या दशकांत तेथें मुळजी जेठा यांची खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमळनेर येथें श्रीमंत प्रतापशेठ यांची प्रताप मिल निघाली. चोपड्यास मात्र आगगाडी आली नाहीं, ती आजतागायत आलेली नाहीं. येथला कापूस बैलगाड्यांनीं तापी उतरून दक्षिणेकडील स्टेशनांवर जाई. ज्या पेठेवरून व्यापारी मार्ग जात होता, ती लोहमार्ग दुसरीकडून गेल्यामुळें आडवळणास पडली.

गिरणीनें दंडाचें काम घेतलें. चिमटीचें काम मात्र तिला घेतां आलें नाहीं. म्हणूनच गिरण्यांत माणसांचे थवे लागत. त्रासनखात्यांत चात्यांच्या रांगांमधून फिरणारा कामगार तुटलेला धागा डोळ्यांनीं हेरी आणि बोटांनीं सांधी. साचेखात्यांत बीमावरचें सूत जसजसें संपत जाई तसतसा बीमाचा व्यास कमी होई आणि ताणाचा मेळ बिघडे. मग साचेवाला बीमास लावलेलीं वजनें आपल्या अदमासानें सरकवी. वाफेचें इंजिन शेंकडों साचे फिरवी, परंतु प्रत्येक साच्यापुढें पाहणारा मनुष्य उभा असावाच लागे. गिरणी-कामगाराच्या मजुरीचा मोठा हिस्सा त्याच्या बळाचा नसून त्याच्या पाहण्याचा होता, ही गोष्ट त्या वेळच्या अर्थशास्त्र्यांनींहि पुरतेपणीं ओळखलेली दिसत नाहीं.

असें असलें तरी पाहणाऱ्या यंत्राचें बीं वाफेच्या इंजिनांतच पडलेलें होतें. १७८८ सालीं जेम्स वॉट यानें इंजिनावर दोन गोळ्यांचा 'गव्हर्नर' बसविला. ही कल्पना पवनचक्क्यांत आधींपासून होती. वॉटनें ती वाफेस लावली. इंजिनाचा वेग वाढला कीं गोळे बाहेर फेंकले जात व त्यांस जोडलेली दांडी वाफेची झडप मिटवी. वेग कमी झाला कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. सुताच्या गिरणीस या युक्तीचें महत्त्व फार, कारण वेग डळमळला कीं धागे तुटतात.

खानदेशच्या वाचकांस यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. धुळें जिल्ह्यांत पांझरेवर फड-पद्धतीचे जुने बंधारे आहेत. तेथें पाटाचें पाणी फडांत फिरविणारा बारेकरी वाफ्यांतलें पाणी पाहून दारें उघडतो आणि मिटतो. वाफा भरला ही वार्ता दाऱ्यापर्यंत परत नेणें हेंच त्याचें खरें काम. शास्त्रज्ञ वार्तेच्या या परत येण्यास 'प्रत्याभरण' म्हणतात. वॉटचा गव्हर्नर म्हणजे झडपेवर बसविलेला लोखंडी बारेकरी होय.

परंतु लोखंडी बारेकऱ्यास तारतम्य नसतें. नवशिका गाडीवान गाडी उजवीकडे कलली कीं कासरा एकदम डावीकडे खेंचतो, मग ती डावीकडे फार गेली म्हणून पुन्हां उजवीकडे. अशानें गाडी रस्ताभर नागमोडी चालते. गव्हर्नर लावलेल्या इंजिनांसहि हा रोग जडे. वेग वाढे, घटे, पुन्हां अधिक वाढे. अशी डळमळ कोणत्या परिस्थितींत आपोआप शमते आणि कोणत्या परिस्थितींत वाढत जाते, याचें गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६८ सालीं मांडलें. वीज व चुंबकत्व यांचीं समीकरणें देणाऱ्या या महापुरुषानें गिरणींतल्या एका भागावर निबंध लिहावा, हें आमच्याकडील शुद्ध व व्यावहारिक विद्यांत सोंवळेंओंवळें मानणाऱ्यांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

याच काळांत 'सर्व्हो' हें नांव जन्मास आलें. आगबोटी इतक्या मोठ्या झाल्या होत्या कीं त्यांचें सुकाणूं मनुष्याच्या हातानें हलेना. तेव्हां सुकाणूं वाफेच्या यंत्रानें फिरवावें आणि यंत्रानें सुकाणवाल्याच्या हातामागोमाग तंतोतंत जावें, अशी रचना निघाली. सुकाणवाला लहानसें चाक जितकें फिरवी तितकी झडप उघडे. सुकाणूं हलूं लागलें कीं तेंच ती झडप मिटवीत येई, आणि हुकमाइतकें हललें कीं थांबे. फ्रान्समधील जोसेफ फार्को यानें १८७३ सालीं या रचनेवर ग्रंथ लिहिला व तीस 'सर्व्हो-मोतर' असें नांव दिलें. या शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील 'सर्वुस' म्हणजे दास हा शब्द आहे. गव्हर्नर हा शासक आणि सर्व्हो हा दास, अशीं एकाच तत्त्वाच्या दोन यंत्रांस दोन उलट नांवें पडलीं. हा विरोध वरवरचा आहे. आज्ञा एकदांच ठरवून दिली आणि ती पुढें बदलावयाची नसली म्हणजे यंत्र शासकासारखें दिसतें. आज्ञा क्षणोक्षणीं बदलत राहिली म्हणजे तेंच यंत्र दासासारखें धांवतें.

इकडे कापडाच्या यंत्रांत पाहण्याचें काम निराळ्या वाटेनें शिरत होतें. जपानांत साकिची टोयोडा यानें १९२४ सालीं असा स्वयंचलित माग पूर्ण केला कीं धागा तुटतांच तो आपण होऊन थांबे आणि धोट्यांतलें सूत संपतांच चालत्या कामांतच नवा धोटा घेई. १९२९ सालीं त्याचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनें विकत घेतले. जी कंपनी जगाच्या गिरण्यांस यंत्रें पुरवीत होती, तिनें जपानी मागासाठीं पैसे मोजले, यावरून काळाचा ओघ कोणत्या दिशेस होता तें कळून येतें. मात्र हा मागहि दोष पाहून थांबे. दोष दुरुस्त करून पुढें चालणें त्यास येत नव्हतें.

तें साधण्यास वीज लागली, आणि खेदाची गोष्ट ही कीं तिला वेग दिला तो युद्धानें. १९३४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत हॅरोल्ड हेझन यानें सर्व्हो-यंत्रणेचें शास्त्र निबंधरूपानें मांडलें. दहा वर्षांनीं, १९४४ सालीं, इंग्लंडवर येणाऱ्या जर्मन उडत्या बाँबांविरुद्ध रडारनें लक्ष्य हेरावें, गणकयंत्रानें त्याची पुढील जागा काढावी आणि तोफेनें त्याप्रमाणें वळावें, हा प्रयोग यशस्वी झाला. युद्ध संपलें आणि ती विद्या कारखान्यांत आली. हेलिकॉप्टरचीं पातीं करणाऱ्या जॉन पार्सन्स याच्या कल्पनेंतून, आणि अमेरिकन हवाई दलाच्या पैशानें, त्याच विद्यालयांत १९५२ सालीं एक कातकाम-यंत्र दाखविण्यांत आलें. त्याचा हुकूम भोंकें पाडलेल्या कागदी पट्टीवर लिहिलेला होता आणि त्याचे तीन अक्ष सर्व्हो-यंत्रणा फिरवीत होत्या. भोंकांच्या पट्ट्यांनीं हुकूम देण्याची युक्ति फ्रान्समधील जाकार यानें १८०४ च्या सुमारास रेशमी वस्त्रांची नक्षी विणण्यासाठीं पूर्णतेस नेली होती. म्हणजे लोखंड कापणाऱ्या यंत्रानें आपली लिपि कोष्ट्याकडून घेतली.

यापुढील प्रगति थोडक्यांत सांगतां येते. जपानांतील यास्कावा कंपनीनें १९५८ च्या सुमारास अत्यंत चपळ मोटरी बाजारांत आणल्या, आणि तिच्याच तेत्सुरो मोरी या इंजिनियरनें १९६९ सालीं यंत्र व विद्युत् यांच्या या संगमास 'मेकाट्रॉनिक्स' हें नांव दिलें. १९७० च्या सुमारास जर्मनींत फेलिक्स ब्लाश्के यानें साध्या, घासणाऱ्या ब्रशांविना चालणाऱ्या मोटरीसहि सूक्ष्म आज्ञा पाळावयास लावण्याचें गणित दिलें. १९८३ सालीं जपान व अमेरिका येथें एकाच वेळीं निओडिमियमचें अतिबलवान् चुंबक जाहीर झालें, आणि मोटरी लहान असूनहि जोरकस झाल्या. आजच्या सर्व्हो मोटरीच्या दांड्यावर एक चकती असते. दांडा किती फिरला याची वार्ता ती ड्राइव्हकडे पाठविते. ड्राइव्ह ती आज्ञेशीं ताडून पाहतो आणि चूक असेल तितकी वीज कमीजास्त सोडतो. हें ताडणें सेकंदास हजारों वेळां चालतें, आणि तें एकांत एक अशा तीन फेऱ्यांत होतें: बाहेरची फेरी जागेची, मधली वेगाची, आंतली विजेच्या प्रवाहाची. नागमोडी गाडीचा रोग होऊं नये म्हणून या फेऱ्यांचा मेळ बसवावा लागतो, आणि तेथें मॅक्सवेलचें गणित आजहि कामास येतें.

आतां पुन्हां कापसाकडे वळूं. सध्याच्या सूतगिरणींत सहा-आठ पेळू एकत्र करून ओढून बारीक करणारें ड्रॉ-फ्रेम नांवाचें यंत्र असतें. आंत येणारा पेळू एका खांचेच्या लाटेंतून जातो. तो जाड असला कीं वरची लाट किंचित् उचलली जाते, पातळ असला कीं खालीं बसते. ही वार्ता ड्राइव्हकडे जाते. तो जाड तुकडा ओढणाऱ्या लाटांपर्यंत पोंचण्यास जो क्षणार्ध लागतो तेवढा वेळ यंत्र दम धरतें, आणि नेमक्या त्या वेळीं सर्व्हो मोटर लाटांचा वेग बदलून पेळू अधिक ओढते. हें सारें पेळू मिनिटास पांचशें मीटरांहून अधिक वेगानें धांवत असतांना घडतें. मागावर तेंच झालें आहे. साचेवाला जीं वजनें अदमासानें सरकवी त्यांच्या जागीं ताण मोजणारें साधन व बीम फिरविणारी सर्व्हो मोटर बसली आहे. चरख्यावरच्या त्या चिमटीचें काम, आज्ञा, वार्ता आणि कृति या तिन्ही अंगांसह, अशा रीतीनें लोखंडाकडे गेलें.

या स्थित्यंतराचा जमाखर्च मांडतांना भावनेच्या भरांत जाण्याचें कारण नाहीं. खानदेशांतील जुन्या गिरण्या बंद पडल्या. जळगांवच्या गिरणीच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभें आहे. अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा थांबला. ज्या अमळनेरांत साने गुरुजींनीं १९३८ सालीं 'काँग्रेस' साप्ताहिक काढलें आणि गिरणी-कामगारांची बाजू घेतली, तेथें आतां बाजू घेण्यास ते कामगारच उरले नाहींत. परंतु याचा दोष सर्व्हो मोटरीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. या गिरण्या तिच्या येण्यानें बुडाल्या नाहींत; त्या जुन्या यंत्रांनिशीं, यंत्रमागांच्या स्वस्त कापडापुढें टिकाव न लागून खंगल्या. मुंबईंत १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानें गिरण्यांचा जो अंत जवळ आणला, त्याचें मूळहि स्वयंचलनांत नव्हतें. खरी हानि निराळीच आहे. जुनी गिरणी गेली तेव्हां हजारों बोटांतलें ज्ञान कामावांचून राहिलें. आणि नवी गिरणी आली तेव्हां तिला त्या बोटांची गरज नव्हती. चोपडा तालुक्यांतहि शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण आजच्या कोणत्याहि सूतगिरणीस पूर्वीइतके हात लागत नाहींत हें गणित तीस चुकविणें शक्य नाहीं.

दुसऱ्या बाजूस एक नोंद करणें न्यायाचें आहे. त्याच अमळनेरांत महंमद हाशम प्रेमजी यांनीं २९ डिसेंबर १९४५ रोजीं वनस्पति तुपाची एक कंपनी काढली. तीच पुढें विप्रो या नांवानें जगास ठाऊक झाली. पुण्यांत मंगेश काळे व रणजित दाते यांनीं १९९० सालीं स्थापिलेली, मोटारींच्या कारखान्यांस यंत्रमानव व स्वयंचलित जुळणीच्या ओळी करून देणारी संस्थाहि पुढें या विप्रो समूहांत सामील झाली. तेलाच्या घाण्यांच्या मुलुखांतून निघालेला एक धागा असा स्वयंचलनापर्यंत जातो. मराठी माणसास ही विद्या अगम्य नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें. मात्र ती विद्या पुण्यास फुलली. तापीकांठचा तरुण ती शिकण्यास व तीवर पोट भरण्यास घर सोडून तिकडे जातो. आगगाडीनें चोपड्यास जसें बाजूस टाकलें, तसें या विद्येनें टाकूं नये, ही चिंता आम्हांस वाटते.

आतां मूळ प्रश्न. चिमटी गेल्यावर मनुष्याकडे काय उरलें? सर्व्होची रचनाच याचें उत्तर देते. चूक मोजणें आणि ती भरून काढणें हें तिला येतें. परंतु चूक कशास म्हणावें हें तिला बाहेरून सांगावें लागतें. आज्ञा तिच्या पोटीं जन्मत नाहीं. खानदेशच्या कापसाचा सारा इतिहास या एका कसोटीवर घांसून पाहण्यासारखा आहे. १८६० नंतरच्या दशकांत कलेक्टर ॲशबर्नर यांच्या अमदानींत हिंगणघाटचें लांब धाग्याचें बियाणें आणून खानदेशांत पेरविण्यांत आलें. ती आज्ञा लँकेशायरच्या चात्यांची होती. १८६३ सालीं मुंबई सरकारनें कापसांतील भेसळीविरुद्ध कायदा केला. भेसळ निंद्यच, पण शुद्धाशुद्धाचें माप तेंहि परदेशी गिऱ्हाइकाचें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतकऱ्यानें आंखूड धाग्याचा, परंतु अधिक रुई देणारा रोझियम कापूस पत्करला, तेव्हां त्यास अडाणी ठरविणारे पुष्कळ निघाले. वस्तुतः त्यानें आपल्यापुरती स्वतःची आज्ञा दिली होती: आपल्या शेतांत, आपल्या पावसांत, आपल्या पदरीं जास्त काय पडतें, हें त्याचें माप होतें. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून बियाणें दरवर्षीं बाजारांतून आणावें लागतें, आणि माप पुन्हां शेताच्या बांधाबाहेर गेलें आहे.

प्रतापशेठ यांनीं अमळनेरांत गिरणी काढली आणि त्याच गांवांत १९१६ सालीं तत्त्वज्ञान-मंदिरहि स्थापिलें. एका धनिकाची ही दोन निरनिराळीं हौसेचीं कामें होत, असें वरवर पाहणारास वाटेल. आम्हांस तीं एकमेकांस पूरक वाटतात. कर्ता कोण आणि करण कोण, हा प्रश्न एका इमारतींत चर्चेचा विषय होता, दुसरींत तो पाळीपाळीनें घडत होता. सर्व्हो मोटरीनें त्या प्रश्नास नवी धार दिली आहे. जोपर्यंत मनुष्य दंडानें व डोळ्यांनीं राबत होता, तोपर्यंत आज्ञा कोणाची हें विचारण्यास त्यास उसंत नव्हती. ती उसंत यंत्रानें आतां दिली आहे. कित्येकांस ती बेकारीच्या रूपानें मिळाली, ही गोष्ट दुःखाची आहे. म्हणूनच चोपड्यासारख्या गांवांतल्या शाळांनीं व महाविद्यालयांनीं आपल्या मुलांस ड्राइव्हच्या तारा जोडण्यास शिकवावें, आणि त्याबरोबर कापूस, सूत, पाणी व बियाणें यांचें माप स्वतः ठरविण्यासहि शिकवावें. पहिलें शिक्षण पोटास अवश्य आहे. दुसरें नसेल तर उत्तम सर्व्हो आणि ती चालविणारा मनुष्य, दोघेहि एकाच धन्याचे दास होतील, आणि तो धनी तापीकांठचा नसेल.